माझा पैरा आईनं फेडला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आई शेतात पडली त्याच्या आदल्या संध्याकाळी मला काकींचा फोन आला होता.

मी तेव्हा दुकानात होतो. बेळगावच्या शहापुरात माझं औषधांचं दुकान आहे. संध्याकाळची गर्दी होती, म्हणून मी फोन खांदा आणि कान यांच्यात धरून गोळ्यांची पाकिटं कापत बोलत होतो. काकी माझ्या नात्यातल्या नव्हेत. निपाणीजवळ आमचं गाव आहे, तिथं आमच्या शेताला लागून त्यांचं शेत आहे. नवरा वारलेला, मुली लग्न होऊन गेलेल्या. आईपेक्षा थोड्या लहान, तिला आक्का म्हणणाऱ्या.

त्या म्हणाल्या, "उद्या आमची तंबाखू उचलायची हाय रं. तू येतो म्हणालतास. ध्यानात हाय न्हवं?"

"आहे की काकी."

"मग ये. आन आक्काला पाठवू नको. परवा पाटात पडली ती. पोराला सांगू नको म्हणाली, म्हणून तर फोन केला. सकाळी उठली की भिताडाला धरून उभी ऱ्हाती. एक डोळा त्यो तसला. दवाच्या वक्ताला तिला काय बी दिसायचं न्हाय. तू आलास तर गप घरात बसंल. न्हाय आलास तर बसायची न्हाय."

मी म्हणालो, "येतो काकी. तुम्ही काळजी करू नका."

आणि मी गेलो नाही.

एवढंच खरं तर सांगायचं आहे. पण एवढ्यावर सोडलं तर मी पुन्हा लपवल्यासारखं होईल, म्हणून सगळं लिहितो.

आमच्या घरात पूर्वी जमीन नव्हती. आईवडील दोघंही दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायचे. काकींच्या शेतातही जायचे. मी लहान असताना आई संध्याकाळी तंबाखूतून आली की तिच्या हाताला काळा चीक असायचा. कितीही घासला तरी जायचा नाही. तिनं भाकरी मोडून दिली तर भाकरी कडू लागायची. मी तोंड वाकडं केलं की ती म्हणायची, "खा गप. ह्याच कडूवर तुझी पुस्तकं येत्यात." वडील गेले. मी शिकलो, बेळगावात दुकान काढलं, तिथंच वडगावात घर बांधलं. आणि दुकान नीट चालायला लागल्यावर मी गावात वीस गुंठे रान विकत घेतलं. आईसाठी घेतलं असं सगळ्यांना सांगितलं. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

रान घेतलं तेव्हा आईचं वय झालेलं होतं. पण ती बेळगावला राहायला तयार नव्हती. "आता सोताचं हाय म्हटल्यावर कशाला सोडू?" म्हणाली. आणि मजूर मिळत नव्हते. गावातल्या तरुण बायका निपाणीला कामाला जातात, कागलकडच्या कारखान्यांत जातात. तंबाखूत वाकायला कुणी राहिलेलं नाही. जी आहेत ती सगळी आईच्या वयाची. म्हणून आई आणि काकी यांनी पैरा केला. पैरा म्हणजे आज तू माझ्या शेतात राबायचंस, उद्या मी तुझ्या शेतात राबायचं. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. दिवसाला दिवस.

पैऱ्याचं आईला काय वाटायचं ते मला फार उशिरा कळलं. पैरा बरोबरीच्यांत होतो. ज्याला रान नाही त्याच्याशी कोण पैरा करणार? त्याला मजुरीच द्यायची. आयुष्यभर आईनं त्या बांधावर मजुरी घेतली होती. आता काकी तिच्या रानात येऊन खुडणी करत होत्या, आणि आई त्यांच्या रानात जाऊन ते फेडत होती. पैरा सुरू झाला त्या वर्षापासून ती त्यांना 'मालकीणबाई' म्हणायची थांबली आणि 'वयनी' म्हणायला लागली. काकी तिला आक्का म्हणायच्या. दोघी एकेक ओळ, म्हणजे पात, धरून शेजारी शेजारी भांगलायच्या, तण काढायच्या आणि सारखं काहीतरी बोलत असायच्या. एकदा मी बांधावर उभा राहून ऐकलं. काकी म्हणत होत्या, "आक्का, तुझी पात वाकडी चाललीया. निपाणीला जातीस काय?" आई म्हणाली, "तुझी सरळ हाय पर गवत तिथंच हाय की गं. नुसती फिराय आल्यागत जातीस." दोघी वाकलेल्या तशाच हसत होत्या. मला आईचं असं हसणं घरात ऐकलेलं आठवत नाही.

आई पडायला लागली होती हे मला कळायला हवं होतं. मी औषधं विकणारा माणूस. दिवाळीत ती आली होती तेव्हा तिच्या दंडावर हिरवंनिळं झालेलं होतं. "काय झालं?" विचारलं तर म्हणाली, "म्हशीनं शिंग मारलं." मी मलम दिलं. म्हशीचं शिंग दंडाच्या मागच्या बाजूला, कोपराच्या वर कसं लागेल, हा विचार माझ्या मनात आला होता. आला आणि मी तो जाऊ दिला. तिच्या ब्लडप्रेशरची गोळी मीच डॉक्टरांना विचारून वाढवून घेतली होती. तिनं एकदा फोनवर सांगितलं, "उठताना डोळ्याम्होरं अंधारी येतीया रं." मी म्हणालो, "सुरुवातीला येते. सवय होईल." दुकानात दुसऱ्या कुणी असं सांगितलं तर मी त्याला स्टुलावर बसवून प्रेशर बघतो आणि डॉक्टरांकडं परत पाठवतो. साखरेमुळं तिची पावलं बधिर झाली होती. चप्पल पायातून निसटली तरी तिला कळायचं नाही, चार पावलं गेल्यावर खाली बघायची आणि परत फिरायची. तिला त्याचं हसू यायचं. एका डोळ्याचा मोतीबिंदू शिबिरात काढला होता, दुसरा "तंबाखू झाल्यावर बघू" म्हणून राहिला होता. तंबाखू झाली की ज्वारी यायची, ज्वारी झाली की दुसरं काहीतरी.

त्या वर्षी तिनंच मला म्हटलं होतं, "यंदा रान पडीक ठेवूया का रं? न्हायतर नुसतं वैरणीला टाकूया. माझ्यानं वाकणं व्हईना." कधी नव्हे ते ती स्वतःहून म्हणाली. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "लोक काय म्हणतील? घेतलं आणि पडीक टाकलं म्हणतील."  मग लावण झाली.

आमची तंबाखू आधी तयार झाली. ती कापायला आणि उचलायला काकी आल्या, रोज आल्या. संक्रांतीच्या सुट्टीत मी एक दिवस गावी गेलो होतो. मी गेलो की आमच्या वस्तीत लोक खुर्ची काढतात. "मेडिकलवाले आले, खुर्ची द्या रं." मी खुर्चीत बसून बघत होतो आणि काकी माझ्या रानातली तंबाखू डोक्यावर घेऊन येत होत्या. मला बरं वाटेना. मी मोठ्यानं म्हणालो, "काकी, तुमच्या तंबाखूला आई येणार नाही. मी येऊन पैरा फेडतो."

काकींनी भारा टाकला आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघितलं. "तू? तुझं प्वाट आडवं येतंय की रं वाकताना."

सगळे हसले. आई हसली नाही. ती म्हणाली, "येतोय की. माझा लेक बोलला म्हंजे येतोय." तिचा चेहरा असा झाला होता की मला पुढं चेष्टा करता येईना. मी पुन्हा म्हणालो, "नक्की येतो." चार लोकांत म्हणालो.

काकींचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागा होतो. वडगावात पहाटेच कुणाचा ना कुणाचा यंत्रमाग सुरू होतो, त्या आवाजानं जाग येतेच. स्कूटर होती. पहिली बसही मिळाली असती. दुकान बायकोनं उघडलं असतं, ती उघडतेच. मी पडून राहिलो. काही अडचण नव्हती, कुणी आजारी नव्हतं, काही काम निघालं नव्हतं. मी बऱ्याच वर्षांत स्वतःसाठी बरीच कारणं बनवली, त्यातलं एकही खरं नाही. खरं एवढंच की ज्या गावात मला खुर्ची मिळते तिथं सगळ्यांदेखत ओल्या रानात वाकायचं मला नको होतं. आईबापांनी ते केलं होतं, मी त्यातून बाहेर पडलो होतो. परत एका दिवसापुरतंही मला तिथं खाली वाकायचं नव्हतं. मी मनाशी म्हणालो, काकी बघतील कुणाला तरी. आईला फोनही केला नाही. केला असता तर ती "निघालास काय?" विचारणार होती.

पुढचं मला आईनंच नंतर थोडं थोडं करून सांगितलं.

तिनं माझ्यासाठी भाकरी करून ठेवली होती. अंधार होता. ती बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. बस आली. उतरणाऱ्यांची तोंडं ती एका डोळ्यानं बघत राहिली. बस गेली. मग ती घरी आली, चहाबरोबर प्रेशरची गोळी घेतली आणि तंबाखू बांधायचं चवाळं काखेत मारून काकींच्या रानात गेली.

कापून पसरलेली तंबाखू दव असतानाच उचलावी लागते. ऊन चढलं की पानं कडक होतात, हात लागला की चुरा होतो. म्हणून नीट उजाडायच्या आधीच काम सुरू होतं. काकी एकट्याच वाकलेल्या होत्या. आईला बघून उभ्या राहिल्या.

"आक्का, तू कशाला आलीस? लेक कुठं हाय?"

"त्येला दुकानात काम निघालं. फोन आलता त्येचा."

"व्हय? मग तू घरला जा. मी करतो हळूहळू."

"एकटी किती करशील? ऊन आलं म्हंजे चुरा व्हईल सगळा. त्येचा दिवस मी भरतो."

"दिवस कुठं पळून चाललाय काय? जा म्हणतो न्हवं."

"चार माणसांत बोललाय त्यो," आई म्हणाली. "आपला पैरा हाय, वयनी. मी काय मजुरीला आली न्हाय, तू जा म्हणलीस की जायाला."

मग काकींनी सरकून तिला शेजारी जागा दिली, असं आई म्हणाली. सांगताना तिला त्या उत्तराचा थोडा अभिमानही वाटत होता.

दोघींनी बरंच उचललं. काकींनी तिला डोक्यावर घेऊ नको म्हणून सांगितलं होतं, नुसतं गोळा कर म्हणाल्या होत्या. पण काकी पलीकडं गेल्या होत्या आणि ऊन येत होतं. आईनं चवाळं बांधलं, डोक्यावर घेतलं आणि बांधावरून निघाली. रात्री मोटारीला करंट आला होता, वरच्या उसाला कुणीतरी पाणी सोडलं होतं, पाट फुटून बांधावर आलं होतं. काळी माती. डोक्यावर ओझं असलं की पायाखालचं दिसत नाही, तिला तर तसंही दिसत नव्हतं. पाट ओलांडताना चप्पल चिखलात राहिली. पावलाला ते कळलं नाही. दुसरा पाय टाकायला गेली आणि कुशीवर पडली. ती ओरडली नाही. काकी धावत आल्या तेव्हा पहिलं काय म्हणाली, तर "तंबाखू भिजली काय बग."

खुब्याचं हाड मोडलं होतं.

काकींनीच टेम्पो बोलावला. निपाणीला नेलं, तिथून तवंदी घाट चढून बेळगावला आणलं. मला दुकानात फोन आला तेव्हा टेम्पो हायवेला लागला होता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आमची माणसं जमली. वस्तीतले काही लोक आले, मामा आले. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, घरातल्या बैठकीत त्यांचा शब्द चालतो. काकी भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. त्यांच्या पायावर चिखल वाळला होता. घरून निघताना त्यांनी पायही धुतले नव्हते.

मामांनी विचारलं, "ह्या वयात हिला शेतात कुणी नेलं?"

 मामा माझ्याकडंच बघत होते. आणि मी म्हणालो, "काकींनी बोलावून नेलं. त्यांची तंबाखू होती."

असं मी म्हणालो. विचार करून म्हणालो नाही, पण म्हणाल्यावर मागंही घेतलं नाही.

मामांचा आवाज चढला. "अजून बी आमच्या बायकांनी तुमच्याच शेतात मरायचं व्हय?" ते काकींकडं बघून बोलले. बाकीचे लोकही तिकडं वळले. आणि ते सगळ्यांना लगेच पटलं, त्याला कारण होतं. वर्षानुवर्षं आमच्या माणसांनी त्या बांधांवर काय सोसलं ते त्या व्हरांड्यात प्रत्येकाला ठाऊक होतं. ते खरंच होतं. त्या खऱ्यावर मी माझं खोटं ठेवलं. म्हणून ते कुणाला जड वाटलं नाही.

काकींनी माझ्याकडं बघितलं. 'काल संध्याकाळी मी तुला फोन केलता' एवढं त्या म्हणाल्या असत्या तर सगळं तिथंच संपलं असतं. मी त्याची वाट बघत होतो, घाबरून. त्या बोलल्या नाहीत. उठल्या, हातातली पिशवी माझ्याजवळ ठेवली. आत आईची चप्पल होती. "पाटात घावली," म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या.

ऑपरेशन झालं. नर्स आईला वॉकर धरून चालवायची, "मेल्लगे अज्जी, मेल्लगे" म्हणायची. हळू, आज्जी, हळू. आईला कानडी येत होती, तिला ती नर्स आवडायची. मी आईला वडगावच्या घरी आणलं. तिच्या खोलीत गुळगुळीत फरशी होती, ती मी खरखरीत करून घेतली. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली. पलंगाजवळ दिवा. गोळ्यांच्या वेळा बदलून घेतल्या. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. जे जे गावच्या घरी करायला हवं होतं ते सगळं मी, ती जिथं कधीच पडली नव्हती तिथं केलं.

पाय जुळला, पण ती चालेना. डॉक्टर म्हणाले, हाड चांगलं आहे, मनात पडायची भीती बसली आहे. वॉकरला हात लावला की तिच्या अंगाला कापरं भरायचं. मग ती पलंगावरच बसून राहायची. शेजारी दोन माग होते, दिवसभर खडखडाट. सुरुवातीला वैतागली, मग म्हणायला लागली, "बंद पडला की करमत न्हाय रं." मी आणि बायको दुकानात. पोरं शिकायला बाहेर. दुपारी मी जेवायला आलो की ती दाराकडं तोंड करून बसलेली असायची. मी आलो म्हणून तिला आनंद व्हायचा, पण आधी ती माझ्या मागं बघायची, अजून कोणी आहे का म्हणून.

"वयनी आली न्हाय रं बगायला," असं ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी म्हणालो, "सुगी चालली असेल त्यांची."

सुगी झाली. मग म्हणाली, "फोन लावून दे की." मी माझ्या मोबाईलवर दुसराच एक बंद असलेला नंबर लावला आणि तिच्या कानाला धरला. कानडीतून, मग इंग्रजीतून रेकॉर्ड केलेली बाई बोलली. "लागत न्हाय व्हय?" आई म्हणाली. मी म्हणालो, "नंबर बदलला असेल." तिच्या स्वतःच्या मोबाईलवरचा काकींचा नंबर मी आधीच काढून टाकला होता. हे लिहिताना हात थांबतो आहे, पण काढला होता. दोघी बोलल्या असत्या तर माझं उघडं पडलं असतं.

एक दिवस ती आपणहून म्हणाली, "मला कळलं ती का येत न्हाय."

मी ताट हातात घेऊन उभा होतो. मला वाटलं, कळलं.

"तिचा अर्धा दिवस ऱ्हायला माझ्याकडं. त्या दिवशी मी अर्ध्यातच पडली न्हवं? तिची तंबाखू भिजली, चुरा झाला, समदं वाया गेलं असंल. त्येच धरून बसली असंल."

"काकी तसल्या नाहीत," मी म्हणालो.

"तसली न्हाय खरं. पर पैरा ऱ्हायला की माणसाला लागतंच की रं." मग म्हणाली, "तू एक दिवस जाऊन येशील काय?"

"जातो," म्हणालो मी.

तेव्हाही गेलो नाही. काकी रागावल्या आहेत, आपलं फेडायचं राहिलं म्हणून रागावल्या आहेत, असं समजूनच आई पुढं जगली. मी तिला तसं समजू दिलं. माझ्या सोयीचं होतं. रोज जेवायला यायचो, तिच्या उशाशी बसायचो, पाय चेपून द्यायचो. आजूबाजूचे लोक म्हणायचे, लेक असावा तर असा. आई त्यावर मान हलवायची. एवढ्या जवळ बसून मी तिच्यापासून इतका लांब होतो की तेव्हा घरात दोन माणसं एकएकटी राहात होती असंच म्हणायला पाहिजे.

पुढच्या पावसाळ्यात छातीत कफ झाला आणि ती गेली. पडून राहिलेल्या माणसांना होतो तसा. मृत्यूच्या दाखल्यावर फुप्फुसाचं काहीतरी लिहिलं आहे. ती त्या पाटातच गेली, हे मला माहीत आहे.

ती गेल्यानंतरच्या बुद्धवंदनेला वस्तीतले सगळे आले. बोळाच्या तोंडाशी काकी उभ्या असलेल्या मी बघितल्या. कुणी कळवलं कोण जाणे. आमच्या बायकांनी त्यांना बघितलं आणि वाट दिली नाही. त्यांनी तिथूनच हात जोडले, बराच वेळ जोडून ठेवले आणि परत फिरल्या. मी पुढं झालो असतो तर बायका बाजूला झाल्या असत्या. मी माझ्या पायाकडं बघत राहिलो.

दुकानात आता म्हातारी माणसं आली की मी विचारतो. पडला होता का? उठताना फिरल्यासारखं होतं का? चप्पल बघू. पहिल्या फटक्यात कुणीच खरं सांगत नाही. दोनदा विचारल्यावर बाया पदर तोंडाला लावून हसतात, म्हणतात, "पडली म्हंजे काय, बसलीच की खाली." घरात कळलं तर शेतात जाऊ देणार नाहीत, पातीत मागं पडली असं बायका म्हणतील, म्हणून लपवतात. आणि ज्यांच्यापासून लपवतात त्या घरातल्यांनाही ते बहुतेक माहीत असतं. त्यांनाही कळून घ्यायचं नसतं. मी ओळखतो त्यांना. मुलगा बरोबर आला असेल तर तो माझ्या नजरेला नजर देत नाही.

मागच्या महिन्यात गावाकडच्या एक मावशी औषधाला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "तुमच्या त्या शेजारच्या काकी पडल्या की. मनगट मोडलं. तरी एका हातानं भांगलतीया."

"एकट्याच?"

"मग कोण जातंय तिच्याकडं पैऱ्याला? आपल्या वस्तीतलं तर कोणच न्हाय."

"का?" मी विचारलं. मला माहीत असून विचारलं.

मावशींनी माझ्याकडं विचित्र नजरेनं बघितलं. "का म्हणून काय इचारता? तुमच्याच आईला राबवून मारली न्हवं तिनं?"

त्या गेल्या आणि मी बराच वेळ काउंटरवर हात टेकून उभा राहिलो. आजवर मी समजत होतो की माझं खोटं आईबरोबर संपलं, आता ते फक्त मला टोचतं. ते संपलेलं नव्हतं. ते तिकडं गावात काम करत होतं. एका म्हाताऱ्या बाईला ओल्या बांधावर एकटीला चालायला लावत होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढली. काकी रानातच होत्या. हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात खुरपं. मी बांधावरून येतोय हे बघून त्यांनी पहिलं काय म्हणावं, "जपून ये रं. तिथं ओल हाय."

मी बांधावर बसलो. त्या खुरपं न थांबवता बोलत होत्या. पोरं कशी आहेत, दुकान कसं आहे. मी हाडाच्या गोळ्या नेल्या होत्या, त्या कशा घ्यायच्या ते सांगितलं. "बरं," म्हणाल्या. मग खुरपं थांबलं.

"आक्काला शेवटी लई तरास झाला काय रं?"

"नाही काकी. झोपेतच गेली."

"माझी आठवण काढायची?"

इथं सांगायला हवं होतं. सगळं तोंडात आलं होतं. मी "काढायची," एवढंच म्हणालो. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि परत खाली वाकल्या. त्यांनी फोनचा विषय काढला नाही. आजवर कुठंच काढलेला नसावा, नाहीतर मावशींना तो माहीत असता. मी थोडा वेळ बसलो आणि उठून आलो. येताना वाटलं, त्यांच्या रानात दिवस दिवस राबलो तर हे फिटेल. तसं नाही. राबून ते फिटणार नाही.

मामा अजून आहेत. त्या व्हरांड्यात उभी असलेली वस्तीतली बहुतेक माणसंही आहेत. काकींनी आईला बोलावून नेलं नव्हतं, उलट तिला पाठवू नको म्हणून मला सांगितलं होतं, आणि जायचं मी होतं. हे मला त्या सगळ्यांसमोर, काकी तिथं बसलेल्या असताना, माझ्या तोंडानं सांगायचं आहे. आई त्यांची वाट बघत होती आणि मी फोन लागू दिला नाही, हे काकींना वेगळं सांगायचं आहे. यातलं काहीही मी अजून सांगितलेलं नाही. हे माझं देणं आहे आणि ते राहिलेलं आहे.